पाहुणे हाकलायची कॉफी

नोवी साद, ४ मार्च

ती. रादिसावमामास, डुन्याचा सा. न. वि. वि.

बसच्या ड्रायव्हरबरोबर पेन ड्राइव्ह पाठवलाय. त्यात आमच्या टोळीचा पहिला गेम आहे. घरच्या संताच्या सणाला पाहुणे येतात. त्यांचं सगळं नीट करायचं आणि न दुखावता अंधारापूर्वी घरी धाडायचं. नियम मीच ठरवले, प्रोग्रामिंगही मीच केलं. आता नवा गडी येतोय, तेव्हा नियमांचं डिझाइन की प्रोग्रामिंग, दोन्हीतलं मी कुठलं एक ठेवणार ते महिनाअखेर सांगायचंय. आईने तर साऱ्या निश शहरात मुलगी प्रोग्रामर झाली म्हणून सांगून टाकलंय! माझं डोकं चालत नाही. खेळून खरं काय ते कळवा. मामीला सा. न.

तुमची, डुन्या

लेस्कोवात्स, ९ मार्च

चि. डुन्यास अनेक आशीर्वाद.

अगं, पाहुणे हलायलाच तयार नाहीत! डुकराचं मांस वाढलं, राकियाची दारू ओतली, शेवटी भांडी घासायला घेतली, तरी ढिम्म. मामीने मागून विचारलं, की हाकलायची कॉफी कुठाय? आल्याआल्या एक, गप्पांना दुसरी, आणि तिसरी आली की पाहुण्याने मुकाट कोट चढवायचा, एवढंही ताईने शिकवलं नाही का तुला? सोबत ऐवारची, मामीच्या लाल मिरच्यांच्या चटणीची, बरणी धाडतोय. ड्रायव्हरने बोट घातलेलं दिसलं तर कळव.

मामा

नोवी साद, १२ मार्च

ती. मामास सा. न.

बोट घातलं होतं. कॉफी विसरले म्हणून टोळीने माझी यथेच्छ टर उडवली. आता घातलीय. नवी प्रत सोबत.

डुन्या

लेस्कोवात्स, १६ मार्च

चि. डुन्यास आशीर्वाद.

काय करून ठेवलंस हे! पहिल्याच कपाला गेममधला कूम उठून चालता झाला. त्याला तू वुकाशिनचं नाव आणि वुकाशिनच्याच मिशा दिल्यास, आणि खरा वुकाशिन माझ्या शेजारी बसून बघत होता! आमचा कूम, लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस. टोपी उचलली नि गेला. तेव्हापासून मामी माझ्याशी बोलत नाही.

तुझा दुर्दैवी मामा

नोवी साद, १९ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

कुठलाही कप आला की पाहुण्याने उठायचं, असं लिहून बसले होते. ती चूक पाच मिनिटांत सुधारली आणि विसरलेही. पण वुकाशिनकाका टोपी उचलून गेले, मामी बोलेना, हे काही डोक्यातून जाईना. एका कपाच्या चुकीने माणूस रुसतो, मग बरोबर कपाने किती सुखावेल! मामा, मला हेच करायचंय. मी डिझाइन घेतलं. भीती वाटते ती फक्त आईची. रविवारी ती तुमच्याकडे येतेय, तुम्हीच सांगा ना! नव्या प्रतीसोबत काकांची माझ्या वतीने क्षमा मागा, आणि माझ्यावर राग धरू नका.

डुन्या

लेस्कोवात्स, २४ मार्च

चि. डुन्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वुकाशिनला नवा गेम दाखवला. तीन कप होईपर्यंत हलला नाही, गेममधलाही आणि खराही. मामी बोलू लागली.

ताईला पहिल्या कॉफीवर काही बोललो नाही. दुसरीवर सांगितलं. ती अशी भडकली, की मी घाबरून मामीला खूण केली आणि तिसरी मागवली. ताईने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एका घोटात संपवली आणि बजावलं, की पोरीने नक्की काय केलंय ते बघितल्याशिवाय ती हलणार नाही. काल दुपारपासून खेळतेय. एकाही पाहुण्याला तिसरी कॉफी द्यायला तिचं मन होत नाही, आणि मधूनमधून हे सगळं डुन्याला सुचलं कसं म्हणून मलाच विचारते.

गेममधल्या तिच्या घरात पाहुणे बसलेत आणि माझ्या घरात ती. आता चौथी कॉफी कसली असते, तेवढं बाई तूच ठरव आणि लवकर कळव.

तुझाच, मामा