मामांच्या तारखा आणि माझं सेटिंग

३ नोव्हेंबर
दत्ताराममामांच्या दशावतार कंपनीचा प्रोग्राम तयार! कुठल्या गावच्या जत्रेला कधी नाटक, सगळं कॉम्प्युटरवर. मामा म्हणाले, तारीख दिली म्हणजे शब्द दिलो, एक चुकली तर आमका कोण इचारतलो? म्हटलं, मामा, निर्धास्त झोपा.

४ नोव्हेंबर
डेटाबेसमध्ये एक झकास सेटिंग सापडलं. ज्या गावाच्या नावावर तारीख आहे, ते गाव पुसूच देत नाही. मुळात बंद असतं. मी डेटाबेस माझ्या विंडोत उघडून ते चालू केलं, मुद्दाम एक गाव पुसून बघितलं. साफ नकार! एकदा लावलं की लावलं.
मामांची मुलगी अक्षया म्हणते, बंद करून परत उघडून बघलंस काय रे? हिला सगळ्यात खोट दिसते. परवा दुसरं एक सेटिंग लावलं, ते फाइलमध्ये जे बसलंय ते बसलंय. मग हे काय वेगळं असणार? तरी उद्या मॅन्युअल वाचणार. नक्की.

५ नोव्हेंबर
नाही वाचलं. मामीने सुरमई तळली होती. त्यावर मॅन्युअल पचत नाही.

१२ नोव्हेंबर
यादीत टेंबवाडी दोनदा आलीय. मामांच्या प्रोग्राममधून एक पुसली. हूं नाही की चूं नाही. म्हणजे तिच्यावर तारीख नव्हतीच. असती तर सेटिंगने अडवलं नसतं?

२० नोव्हेंबर
मामांनी विचारलं, अठ्ठावीस रिकामी आसा? स्क्रीनवर रिकामी. खालच्यावाडीला दिली. मामा घुटमळले, खंय तरी दिल्यासारखी वाटता म्हणाले. मी म्हटलं, वय झालं तुमचं. गमतीत हां.

२९ नोव्हेंबर
काल खालच्यावाडीत नाटक रंगलं. टेंबवाडीतही मांडव घातलेला, पालखी फिरली, बायकापोरं चादरी अंथरून बसलेली. आम्ही गेलोच नाही. तारीख त्यांचीच होती. दोनांतल्या ज्या टेंबवाडीच्या नावावर ती होती, नेमकी तीच मी पुसलेली, म्हणून स्क्रीनवर तारीख आलीच नाही.
आज मामा टेंबवाडीच्या देवळात सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले. चूक माझी आसा, म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर
मॅन्युअल वाचलं. ते सेटिंग फक्त त्या जोडणीपुरतं, म्हणजे डेटाबेस उघडा आहे तोवरच. विंडो बंद केली, सेटिंग गेलं. मामांचा प्रोग्राम रोज आपली नवी जोडणी उघडतो, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरं सेटिंग मात्र फाइलमध्ये राहतं. एका घरात दोन कायदे! दोष डेटाबेसचाच.
अक्षया म्हणाली, बाबा दर नाटकाआधी देवाक नव्यान गाऱ्हाणा घालतत, काल घातलेला आज चलत नाय. पटलं. तिला सांगितलं नाही.

३ डिसेंबर
आता प्रोग्राम उघडला की पहिली ओळ तीच: सेटिंग चालू कर. बंद केला, उघडला, गाव पुसून बघितलं: नकार. परत तसंच: नकार. आता कुणाची छाती आहे चूक काढायची!
मामांना सांगायला धावलो. ते टेंपोत पेटारे चढवत होते. बरा झाला, म्हणाले. मग म्हणाले, टेंबवाडीचा नाव काढून टाक, तेंनी पुढची जत्रा दुसऱ्या कंपनीक दिल्यानी.
काढलं. सेटिंग चालू होतं. नकार आला नाही. तिच्या नावावर आता तारीखच नाही.