नळीतली हळद

मी, सुंदरराव मल्हारराव, वय त्रेसष्ट, राहणार मौजे उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, कोणाच्याही दाबाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आता हटणार नाही, असे हकीमसाहेबांनी सांगितले आहे. धाकटा भाऊ अर्जुनराव तलवाड्यास असतो. आमच्यात बोलणे नाही, म्हणून हा कागद थोडा लांबेल.

कलम पहिले. घर, काळी जमीन व बैल पत्नी सावित्रीबाईचे. आम्हांस मूल नाही. तिच्या पश्चात सर्व काही अर्जुनरावाचा मुलगा उत्तरेश्वर यास जावे. तिने माझी बंदूक, माझे हट्ट व माझी चिडचिड जन्मभर सांभाळली. त्यापुढे हे थोडेच आहे.

कलम दुसरे. माझी दुर्बीण मित्र आप्पाराव याजकडे आहे. ती आता त्याचीच. पाटोद्याच्या बाजारात तो ती आपल्या आजोबांची म्हणून दाखवतो हे मला ठाऊक आहे, एवढे त्यास कळवावे.

कलम तिसरे. रायफल उत्तरेश्वरास. परवाना नावावर झाल्याशिवाय हात लावू नये. बार काढल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, सुकवून तेल द्यावे आणि पुढच्या बारापूर्वी ते पुसून काढावे. नेम फाकू लागला तर डोळ्याला दोष देण्याआधी नळीत पाहावे. गोळीच्या धातूचा कीट आत धरलेला असतो. नळीमागचा बोल्ट उघडायला जड गेला किंवा काडतुसाच्या पुंगळीची टोपी चपटी झाली, तर दाब वाढला आहे असे समजून तिथेच थांबावे. काडतुसे उन्हात ठेवू नयेत. खंडेनवमीला हळदकुंकू फक्त लाकडी दस्त्याला लावावे.

कलम चौथे. आमच्या घरी खंडेनवमीला पुजलेल्या शस्त्राला सीमोल्लंघनापर्यंत कोणी हात लावत नाही. रायफल नवी होती त्या वर्षी दसऱ्याला वेशीबाहेर मानाचा बार मी हौसेने अर्जुनरावास काढू दिला. बोल्टमधून आग मागे आली आणि त्याचा उजवा डोळा गेला. तेव्हा घरात वाटणीची बोलणी चालू होती. तो म्हणाला, "वाटणी द्यायची न्हवती तर तसं सांगायचं, दादा. काडतुसात दारू लई भरलीत तुमी."

काडतुसे मीच घरी भरत असे. उरलेली सगळी फोडली. प्रत्येकात दारू बरोबर होती. अडकलेली पुंगळी काढली, तिची टोपी फुटली होती. मग गजाला ओली चिंधी बांधून नळीत फिरवली. तोंडाजवळून ती पिवळी निघाली. तिथे नळी चोंदल्याने दाब मागे आला होता.

आई स्वयंपाकघरात होती. विचारले, "आई, पूजेला नळीत काई घातलंत का?"

"तेल घातलं, वरून हळद लिंपली. आतूनबी पूजा व्हावी म्हनून. नवी हाय ना. कावून रं?"

"काई न्हाई," मी म्हणालो.

आई अर्जुनरावाबरोबर तलवाड्यास गेली. तिनेही मलाच दोषी धरले. पुढे तिने माझ्या हातचे पाणी घेतले नाही. शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो, तर भिंतीकडे तोंड करून निजली. तिला एका शब्दाने सांगता आले असते, पण मग आपल्याच हाताने लेकाचा डोळा गेला हे घेऊन तिला मरावे लागले असते. मला याचे फार वाईट वाटते आणि अजून रोज वाटते.

कलम पाचवे. मला अग्नी अर्जुनरावाने द्यावा. त्यास मी गेलो एवढाच निरोप धाडावा. तो न आला तर अग्नी आप्पारावाने द्यावा आणि दहावे झाल्यावर चौथे कलम अर्जुनरावास वाचून दाखवावे. आधी दाखवू नये. खरे कळल्यावर तो धावत येईल, आणि मला तसे नको आहे. तो आपण होऊन आला, तर ते कलम त्याला कधीच वाचून दाखवू नये. आईचा टाक त्याच्या देव्हाऱ्यात आहे, तो तिथे असू द्यावा. मी त्याचा डोळा घेतला असे मानूनही तो आला, तर मला आणखी काही नको.

हे सर्व साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून सही केली आहे. साक्षीदारांनी चौथ्या कलमाबाबत जीभ आवरावी.

सही : सुंदरराव मल्हारराव

साक्षीदार : १. भगवानराव नारायणराव, उमापूर
२. पंडित सखाराम, उमापूर

मुक्काम उमापूर, माघ वद्य पंचमी, शके १८५०, माहे फरवर्दी, सन १३३८ फसली.