आपल्या बंधूंनी उतरवलेलं विमान

ती. वन्संच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांना दाखवते म्हणाला होतात, दाखवलात का? (नसणारच. ऐकायचं नाही हा तुमच्या घराण्याचा गुण आहे, आणि या पत्राचा विषयही थोडाफार तोच आहे.) इकडे सर्व खुशाल. आपले बंधू जेवतात, झोपतात आणि उरलेला वेळ समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत बसतात. नातेवाइकांकडून तुमच्या कानांवर काय काय आलं असेल देव जाणे. धाकट्या जाऊबाईंनी तर विमान समुद्रात बुडवून वर काढल्याचं कळलं. म्हणून खरं काय ते मीच लिहिते.

समुद्रावरून लांबचा पल्ला मारून यांचं विमान सकाळी मुक्कामाला पोचत होतं. त्या गावाला मोठा विमानतळ आहे, आणि त्याच्या अलीकडे, नदीच्या या काठाला, विमान शिकवणाऱ्या एका क्लबाची लहानशी धावपट्टी आहे. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून. आकाश स्वच्छ होतं. आपल्या बंधूंना धावपट्टी दिसली, आणि दिसली म्हटल्यावर त्यांनी यंत्राला रजा दिली. (डोळ्यांसमोर आहे ते दुसऱ्याला कशाला विचारायचं, हे त्यांचं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या मोटारीत बसून आपण न ठरवलेली किती गावं पाहिली.) टॉवरला त्यांनी कळवलं, पट्टी दिसते आहे. टॉवर म्हणाला, उतरा. आणि वन्सं, ते उतरले. इतके अलगद की झोपलेली मुलंसुद्धा जागी झाली नाहीत, असं हवाई सुंदरीनेच मला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच पट्टी संपत आली, तेव्हा करकचून ब्रेक लावावे लागले, आणि मग मात्र मुलं जागी झाली. विमान कुंपणाच्या जरा अलीकडे थांबलं. कुंपणापलीकडे शाळा होती. ती भरायची होती अजून.

टॉवर विचारू लागला, तुम्ही आहात कुठे? हे म्हणाले, धावपट्टीवर. टॉवर म्हणाला, आमच्या धावपट्टीवर तर चिटपाखरू नाही. हा संवाद चालू असताना दूरवर गवत कापत असलेला एक माणूस यंत्र बंद करून सावकाश चालत आला, यांच्या खिडकीखाली उभा राहिला आणि हात हलवून ओरडला, "साहेब, क्लब आज बंद असतो." क्लबातली शिडी खेळण्याएवढ्या विमानांची, ती दारापर्यंत पोचेना, म्हणून आगीचा बंब मागवून लोकांना त्याच्या शिडीवरून उतरवलं. सगळे यांच्याकडे रागाने बघत गेले. एका आजीबाईंनी तेवढे मनापासून आभार मानले. त्यांची लेक क्लबाच्या मागेच राहते म्हणे.

मग चौकशी बसली. यांनी हवेला, वाऱ्याला, यंत्राला, कुणालाच दोष दिला नाही. म्हणाले, "मी पाहिलं आणि मला खात्री वाटली." मग शेजारी बसणाऱ्या वैमानिक बाईंना विचारलं. बाई अनुभवी आहेत. त्यांच्या पडद्यावर पट्टी अजून पुढे दिसत होती, पण सर इतक्या खात्रीने बोलले की त्यांना स्वतःच्या पडद्याचीच शंका आली. हे ऐकून आपले बंधू घरी आले ते तडक स्वयंपाकघरात. मी भांडी पुसत होते. "माझा रस्ता चुकतोय असं तुला कधी वाटलंय?" मी म्हटलं, "नेहमी." "मग बोलली का नाहीस?" मी पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं, वन्सं. खरं म्हणजे मी शेजारी बसून गंमत बघत असे. त्याचं आता फार वाईट वाटतं.

तेव्हापासून घराचं विमान झालं आहे. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने स्वतः डोळ्यांनी बघून तेच परत बोलायचं, अशी विमानातली रीत आहे. हे म्हणतात, "गॅस बंद." मी जाऊन बघून म्हणायचं, "गॅस बंद." आमटीत मीठ, नळाची तोटी, लिफ्टचा मजला, सगळं दोनदा. आपल्याच दारापुढे थांबून पाटी वाचतात आणि मला वाचायला लावतात. परवा कुणाशी तरी ओळख करून देताना "ही माझी बायको" म्हणाले आणि माझ्याकडे बघत थांबले. मी "बरोबर" म्हटलं, तेव्हा पुढे बोलले. मोटार तर ते गल्लीच्या बाहेर काढत नाहीत. ज्या माणसाने समुद्र ओलांडले, तो कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाताना मला रस्ता विचारतो. हसावं की रडावं कळत नाही. बहुतेक हसते, मग न्हाणीघरात जाऊन दुसरं उरकते.

पण काळजी नसावी. सगळ्या परीक्षा पुन्हा देऊन ते पास झाले आहेत आणि उडायची परवानगी परत मिळाली आहे. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. तुम्ही दगदग करून येऊ नका, गुडघ्याला आराम द्या.

तुमची आज्ञाधारक भावजय
(आज्ञेची सवय मोडली आहे, पण शब्द चांगला आहे)

ता. क. नोकरी सोडतो म्हणत होते. मी सोडू दिली नाही. पुढच्या सोमवारी पहिलं उड्डाण आहे, आणि कंपनीने नेमकं तेच गाव दिलं आहे. तू विमानात बसत असलीस तर जातो, म्हणाले. मी हो म्हटलं. तुमचंही तिकीट काढलं आहे, माझ्या शेजारचं. खिडकी तुमची. येऊ नका असं वर लिहिलं आहे ते खोडत नाही, कारण पत्र ते वाचणार. एवढा भाग तेव्हा दुमडून ठेवीन.

आणखी एक ता. क. ते वाचून गेले. आता खरं लिहिते. विश्वासाचं लिहिलं ते त्यांच्यासाठी होतं. रात्री गॅस बघायला मी उठते, तर ते आधीच तिथे उभे असतात. त्यांना तोंडावर "चुकलास" म्हणणाऱ्या जगात तुम्ही एकट्याच आहात, म्हणून या. चाकं टेकली की खिडकीतून बघा आणि गाव बरोबर आहे का ते मला सांगा. माझे डोळे मिटलेले असतील.