रिकाम्या काट्यावरचे दीड किलो

५ जानेवारी १९७५, रविवार. केनवड.
बाळाची गुळाची तुला झाली. नवस सासूबाईंचा, प्लॅनिंग माझे. दुकानदाराचा तराजू नको म्हटले. सायन्स टीचरच्या घरी सगळे सायन्सनेच व्हावे. शाळेचा ताणकाटा आणला, दहा किलोचा. शिपाई जानराव याने तो आढ्याला टांगला. बाळ टोपल्यासकट नऊ किलो. मग त्याच टोपल्यात नऊ किलो भरेपर्यंत गूळ टाकून वाटला. प्रोग्रॅम ए-वन. मध्येच सासूबाईंनी टोपल्यावर हात टेकला, त्याने काटा किंचित ताणला गेला असावा. स्प्रिंग आहे, येईल जागेवर.

८ जानेवारी
आली नाही. रिकामा काटा दीड किलो दाखवतो. आज नववीचे प्रॅक्टिकल, विषय स्थितिस्थापकता. नेमके तेव्हाच हेडमास्तर वर्गात आले. हे कोणी केले, विचारू लागले. मी म्हणालो, चौकशी करतो सर. कपाटाची किल्ली जानरावाकडे असते, म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिले. मी खडू शोधत होतो.

९ जानेवारी
वाईट वाटते. जानराव पाच वर्षे टेंपररी आहे. पंचवीस तारखेच्या मीटिंगमध्ये कमिटी त्याला कायम करणार होती. आता हेडमास्तर म्हणतात, सामान सांभाळता येत नसेल तर विचार करावा लागेल. उद्या पहिल्या तासाआधी सगळे सांगून टाकणार.

१० जानेवारी
सांगितले नाही. स्प्रिंगच नीट झाली तर सांगण्यासारखे काही उरतच नाही. काटा आडवा झोपवून ठेवला. विश्रांतीने फरक पडेल.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी.
पडला नाही. गोडेतेल सोडून पाहिले. दीडच. आता हात लावला की चिकटतो.
ही रोजनिशी मीच वाचणार, म्हणून खरे लिहितो. सासूबाईंनी हात टेकला नव्हता. हे खेळणे काय वजन पेलणार, एवढेच त्या म्हणाल्या होत्या. मला राग आला आणि मी मसाल्याचा पाटा टांगला. आज पाटा मोजला. चाळीस गुणिले पंचवीस गुणिले सहा सेंटिमीटर. काळ्या दगडाची घनता दोन पॉइंट नऊ. म्हणजे सतरा किलोच्या वर. हे गणित आठवीची पोरेही करतात. मी आधी केले नाही.

१२ जानेवारी. संध्याकाळी.
घाम फुटला. पाटा टांगला तो बाळाला तोलल्यानंतर आणि गुळाच्या आधी. म्हणजे नऊ किलो दिसलेला गूळ प्रत्यक्षात साडेसात. देवालाही दीड किलोने फसवले. हिला सांगण्याची हिंमत नाही. उद्या गुपचूप दीड किलो गूळ देवळात नेऊन ठेवणार.

१४ जानेवारी, संक्रांत
गूळ आणला होता. हिने त्याचे लाडू केले, मी काय बोलणार? जानराव तिळगूळ द्यायला आला. गोड बोला सर, म्हणाला. मी त्याला दोन लाडू जास्त दिले. तेवढ्याने जरा हलके वाटले. मग जास्तच जड.

२१ जानेवारी
तोंडी सांगण्यापेक्षा लेखी बरे. अर्ज लिहिला. तीन वेळा फेअर केला. शेवटच्या मसुद्यात पाटा गेला आणि 'अपरिहार्य परिस्थिती' आली. फाडला.

२४ जानेवारी
घसा बसला. अशा आवाजात कबुली नीट ऐकू जाणार नाही. मीटिंग उद्या अकराला आहे. दहाला जाऊन सांगणार. हे फायनल.

२५ जानेवारी
बरोबर दहाला गेलो. मी तोंड उघडण्याआधीच हेडमास्तर म्हणाले, मिटले हो गुरुजी. जानरावाने काल लिहून दिले, काटा त्याच्या हातून पडला. काढणार नाहीत, पण कायम करणे एक वर्ष पुढे. तुम्ही कशाला आला होतात, त्यांनी विचारले. मी म्हणालो, खडूची पेटी संपली. त्यांनी दिली.

२७ जानेवारी, सोमवार
जानरावाला लॅबमध्ये गाठले. काहून लिहून दिलं, विचारले. तो फडक्याने काटा पुसत होता. म्हणाला, "तुमच्या लेकराचं कार्य व्हतं सर. त्यात तुमचं नाव कायले खराब करा?" मग हळूच म्हणाला, "गुळाची फिकर नका करू. पाटा काढल्यावर मी पाह्यलं, काटा रिकामाच दीड दाखवून राह्यला. म्हनून माह्या घरचा दीड किलो गूळ आनून वाटायच्या परातीत टाकला. नवस पुरा झाला."
रिकाम्या काट्याचे वाचन आधी वजा करायचे, हे मी सहा वर्षे शिकवतो आहे. त्या दिवशी घरात ते एकट्या जानरावाला सुचले. मला फार लाज वाटली. तसाच निघालो, आता बोलायचेच म्हणून.
हेडमास्तर ऑफिसात एकटेच बसले होते. दार उघडे होते. मी घरी आलो.