डाव्या खांद्यातली भर

प्रिय ठमे,

हे पत्र घेऊन आलेल्या वहिनीला तुझ्या शाळेत पाहून दचकू नकोस. शेजारी कुणी बसलं असेल तर पत्र मिटून ठेव आणि रिकाम्या वर्गात जाऊन वाच. पत्रं लिहिणं माझं काम नव्हे. लहानपणी माझे निबंधही तूच लिहायचीस आणि पकडलं गेलं की मार मी खायचो.

खुनाच्या खटल्यात मी साक्ष दिली, हे तुला ठाऊक आहेच. भावोजी कामाला आहेत त्या गोदामाचे मालक गेले, मागच्या गल्लीत रक्ताने माखलेला कोट सापडला, आणि रखवालदाराचा कोट जागेवर नव्हता. इतकी सरळ केस. आपला कोट खुंटीवरून चोरीला गेला असं तो बिचारा सांगत राहिला, पण त्याचं कोण ऐकतो? विचारलं तेवढंच सांगायचं, असं सरकारी वकिलांनी मला बजावलं होतं. प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीतला कोट पाहून मी ठासून सांगितलं, शिलाई माझी, रखवालदारासाठी शिवलेला. त्याच ताग्यातून, जवळजवळ त्याच मापाचा भावोजींचाही कोट बेतला होता, हे कुणी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात आरोपीच्या वकीलबाईंनी मला पुन्हा बोलावलं. अस्तर दाखवा म्हणाल्या. पिशवी फोडून कोट हातात दिला. डाव्या खांद्यावर बोटं गेली आणि तिथंच थांबली. आत कापसाची जास्तीची भर होती. भावोजींचा डावा खांदा उतरता आहे, हे लग्नाआधी तूच माझ्या कानात सांगितलं होतंस. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कोटात मी ती भर गुपचूप घालतो. त्यांनाही कधी कळू दिलं नाही.

भरीचा उल्लेख टाळून मी अस्तर दाखवलं आणि साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो. गेल्या महिन्यात तुम्ही जेवायला आलात, तेव्हा भावोजींचा कोट डावीकडे लोंबत होता. वाळलात की काय, अशी मी चेष्टा केली. ते हसले नाहीत आणि तू घाईघाईने विषय बदललास. म्हणजे गल्लीत सापडला तो भावोजींचा कोट, आणि त्यांच्या अंगावर होता तो रखवालदाराचा. तुला काय माहीत होतं, ते मी विचारणार नाही.

भावोजी रोज कोर्टात मागच्या बाकावर बसतात. त्या दिवशी माझी बोटं थांबलेली त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी दुकानात आले, माझी मोठी कात्री उचलून अंगठ्याने धार पाहिली, आणि “तुझी बहीण मजेत आहे,” एवढंच मला बोलून गेले.

निकाल सोमवारी आहे. तुझा संसार मोडू नये म्हणून मी आठ दिवस एका निरपराध माणसाला फासाकडे जाताना पाहत बसलो, याची लाज वाटते. आज अकरा वाजता मी न्यायाधीशांना सगळं सांगणार आहे. पोरीला तिच्या वर्गातून घे आणि वहिनीबरोबर तिच्या माहेरी नीघ. घरी पाऊल टाकू नकोस, कपड्यांसाठीसुद्धा नाही. कपडे मी शिवून देईन. पुढे मी माफी मागायला येईन, तेव्हा खुशाल माझ्या तोंडावर दार लाव. पण दार लावायला तू जिवंत हवीस.

तुझाच,
दादा