मिनेसोटाच्या गोठ्याचं लाकूड

४ ऑक्टोबर, शनिवार
आज सगळं बदललं. जुरोंग ईस्टच्या फूड कोर्टात माझ्या शाळेतल्या मधुवंतीने पिशवीतून हातभर ओंडका काढून माझ्यासमोर ठेवला, त्या क्षणी. ती मिनेसोटात शिकते. स्वीडनहून तिथे गेलेल्या शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेले गोठे वाचवते. हा त्यातल्याच एका भिंतीचा तुकडा. पुढच्या शनिवारी तिचं इथे लेक्चर आहे, त्यात दाखवणार. तोवर ती बँकॉकला. मला म्हणाली, सांभाळशील? अख्ख्या सिंगापुरात मला!
उन्हाळ्यात टीममध्ये घेशील का, विचारलं. बघू म्हणाली. म्हणजे हो.

५ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं, गोठे वाचवायला अमेरिकेला चाललोय. म्हणाले, आधी इंजिनिअरिंगची सोडलेली दोन वर्षं वाचव. भडकलो. जेवलो नाही. (नंतर खाली जाऊन प्राटा, म्हणजे इथला पराठा, खाल्ला.)

७ ऑक्टोबर
आमच्या घराकडची, पुंगोलची हवा दमट. लाकूड काळपट दिसतंय. बुरशी? वर सगळीकडे कुऱ्हाडीचे ओबडधोबड घाव. बिचाऱ्यांकडे रंधा नसणार. आई म्हणते, दिलंय तसं परत दे रे बाबा, नसते उद्योग नकोत. आईला कॉन्झर्वेशनमधलं काय कळतं!

९ ऑक्टोबर
मित्राचं, विक्रांतचं, लाकूड घासायचं सँडिंग मशीन आणलं. शेजारच्या आंटी आल्या, सो नॉइझी लाह, म्हणाल्या. त्यांना सुनावलं, इथे इतिहास वाचवतोय. घाव गेले, काळं गेलं. वर पॉलिशचे तीन हात. चेहरा दिसतो त्यात. मधुवंती बघून रडेल.

११ ऑक्टोबर, शनिवार
रडली.
हॉलमध्ये, लेक्चरच्या आधी. म्हणाली, रुचिर, ते घावच तर दाखवायचे होते. प्रत्येकाचा कुऱ्हाड मारायचा हात वेगळा, त्यावरून कुणी भिंत रचली ते ओळखतो आम्ही. आता हा शोरूममधल्या स्टुलाचा पाय झालाय.
माझंही डोकं फिरलं. म्हटलं, कुऱ्हाड आण, पुन्हा मारून देतो!
ती डोळे पुसून लॅपटॉप जोडायला लागली. मी उन्हाळ्याचं विचारलं. (विचारायला नको होतं.) म्हणाली, तुला मी गोठ्याच्या आसपाससुद्धा उभं करणार नाही. तेही अगदी शांतपणे. ओरडली असती तर भांडता आलं असतं.
लोक यायला लागले. लाकूड तिने टेबलाखाली सरकवलं. मी निघालो. दार धाडकन आपटायचं ठरवलं होतं, पण तिने बोलायला सुरुवात केली होती. हळूच ओढून घेतलं.