बारशाची कॅसेट

११ जानेवारी २००१
पोचलो एकदाचे! दोन ट्रंका, गादीची वळकटी आणि मांडीवर अडीच महिन्यांचा चिक्या, असा वर्ध्याहून माझा संसार रायपूरला उतरला. नीलेश स्टेशनवर मफलर गुंडाळून असा उभा होता, जणू ही राजधानी त्यानेच वसवली! नवं राज्य झालं आणि भोपाळची निम्मी ऑफिसं इथे आली, त्यामुळे भाड्याने घर मिळणं म्हणजे दिव्यच झालंय. आम्हाला मात्र शंकर नगरात चक्क मराठी माणसांचा वरचा मजला मिळाला. घरमालक नरहरीकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे, मोजकं बोलणारे. त्यांची कसर अंजनाकाकू भरून काढतात. चिक्याला बघताच त्यांनी दोन्ही हात पसरले. "दे वं माह्याजवळ. थकली असशीन," म्हणाल्या. माहेर सोडून आल्याचं दुःख तिथेच अर्धं झालं. काकांच्या उजव्या हाताचा पंजा ठेचून चपटा झालेला आहे. कामावरचा अपघात असेल, मी काही विचारलं नाही.

१४ जानेवारी
संक्रांतीचा तिळगूळ द्यायला खाली गेले, तर काकूंनी नातवाच्या बारशाची कॅसेट लावली. मुलगा देवीदास आणि सून सरला बिलासपूरला असतात म्हणे. कॅसेट नेहमीसारखीच: पडद्याच्या कोपऱ्यात फिरणारी गुलाबाची फुलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच अंगाईगीत आणि नटलेल्या बायका. वरवंट्याला कुंची घालून त्याचा गोप्या केलेला, तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात. मी आपली दर दोन मिनिटांनी, किती गोड हो नातू, किती गोड, असं म्हणत राहिले. काकू इतक्या खूश झाल्या, की पुन्हा पहिल्यापासून लावली! काका तेवढ्यात उठून अंगणात गेले.
चिक्याचं बारसं बदलीच्या गोंधळात राहूनच गेलंय. ते याच घरात, कॅसेटमधल्याच पाळण्यात करायचं, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलं. मला काय, आयतंच झालं.

२० जानेवारी
कॅसेट रोज बघणं होतंय. तोंडपाठच झाली म्हणा ना. सजावट तशीच करायची म्हणून काकूंनी ती मला वर आणून दिली. नीलेश चिडवतो, की तुला दाखवून काय उपयोग? गाण्याच्या एका कडव्यात नायिकेच्या कानात झुमके असतात, दुसऱ्यात नसतात, आणि तुला ते दहा वर्षांनी मी सांगितल्यावर दिसतं. खरंच आहे. मी बघत कुठे असते, मी रमलेली असते.
आज एक किळसवाणा प्रकार झाला. खाली काकूंच्या स्वयंपाकघरात उंदीर निघाला, तो काकूंनी वरवंट्याने ठेचला. मेल्यावरही ठेचत राहिल्या, पाटा लाल होईस्तोवर. मग वरवंट्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली, तेल चोळलं, मऊ पंच्याने टिपलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, बारसं झालं की तुमचा गोप्या पाट्यावर आणि माझा चिक्या पाळण्यात. त्या हसल्या नाहीत. "पाळण्यात दोघं मावत नाही, मंदा," म्हणाल्या. मला ते बोलणं आवडलं नाही.

२४ जानेवारी
जेवताना नीलेशला कॅसेट दाखवली. त्याने घास घेता घेता विचारलं, की यात बाळ कुठाय?
मी हसले. मग रिवाइंड केली. बाळ नाही. एकाही ठिकाणी नाही! काकू पाळण्यात वाकून कुर्र करतात, बायका रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घालतात, पण नाव ठेवलं जातंय ते कुंची घातलेल्या दगडाचं. गोप्या प्रत्येक बारशात असतो, म्हणून माझी नजर तिथे अडकलीच नाही. बाळ आता आणतील, मग आणतील, असं धरून चालले आणि न दिसलेल्या पोराचं कौतुक करत बसले.
नीलेश म्हणाला, आत झोपलं असेल. उद्या ऑफिसच्या कामाला तो बिलासपूरला जातोय. देवीदासचा पत्ता मागितला, तर काकू म्हणाल्या, "कायले लागते?"

२५ जानेवारी
नीलेश गेला. आवाज बंद करून पुन्हा बघितली. नुसती अंगाई नव्हती म्हणून सगळं दिसलं —
सुरुवातीला काका कुंकू लावतात, उजव्या हाताने. हात धडधाकट आहे. काकू बाळाला आणायला आतल्या खोलीत जातात, काका मागोमाग. काकू गोप्या घेऊन बाहेर येतात. कुंचीवरचे लाल ठिपके मी नक्षी समजत होते. एकाच बाजूला आहेत. पसरतात. मग सरला आतल्या दाराकडे बोट दाखवते. मला वाटायचं, जेवायला बोलावते आहे. ती आत जाते, बाहेर येते, दोन बायका तिला धरतात. तिचं तोंड उघडं. सगळ्यांची तोंडं उघडी. मी समजत होते, अंगाई गातात.
गात नाहीत.
शेवटी काका. पंजाला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल ठिबकतोय.
चिक्याला खाली पाठवायचं नाही आता. काहीही झालं तरी.

२६ जानेवारी
काका वर आले. मी विचारायच्या आधी तेच रडायला लागले. काकूंचं पहिलं मूल पाळण्यातच गेलं. तेव्हापासून वरवंटाच त्यांचा गोप्या. देवीदासला आजोळी वाढवला म्हणून वाचला. नातवाला काकूंच्या वरवंट्याखालून सोडवताना काकांचा हात ठेचला. पोलिसांना सांगितलं, बाळ हातातून पडून गेलं. सरला त्याच दिवशी घर सोडून गेली. कॅसेटवर अंगाई काकांनीच चढवून घेतली. घराची अब्रू म्हणे! थुंकावंसं वाटलं मला.
"पोरी, पोट्टा घे अन् निघून जाय. आत्ताच."
काकूंसमोरून पायी न्यायला नको, म्हणून चिक्या वर काकांजवळ ठेवून रिक्षा दाराशी आणायला जाते. गल्ली सुनी आहे, सगळे परेड बघायला —

दुपार
रिक्षा मिळाली नाही. परत आले तर काका आमच्या उंबऱ्याबाहेर. कवटी फुटलेली. दात जमिनीवर. अजून घरघर चालू होती. चिक्या नाही.
खाली धावले. पाळणा हलत होता. कुंची दिसली. उचलला, छातीशी धरला, वर पळाले. कडी घातली. दाराला ट्रंका लावल्या. काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या होत्या, वळल्यासुद्धा नाहीत. फाटकाला आता कुलूप. खिडकीतून ओरडले, कोणी नाही —
नीलेश, लवकर ये. चिक्या माझ्याजवळ आहे. मी याला सोडणार नाही, मेले तरी.
रडत नाही, गुणाचा माझा. घाबरून झोपला. कुंचीत तोंड झाकलंय, राहू दे. माझ्या हातांना रक्त, काकांचंच असेल —
त्या वर का येत नाहीत? दारही वाजवत नाहीत. नुसती अंगाई म्हणताहेत.
मांडी भरून आली. किती जड झालाय —
गार आहे.
खाली रडतंय कोणी तरी. बाळ रडतंय. हा तर चिक्याचा आवाज — मग माझ्या मांडीवर